मदत हवी आहे : बालगृहातील काळजीवाहक ताईंना मानसिक आधार कसा द्यावा? (पुणे)

मी पुण्यातील एका मुलींच्या बालगृहाची अधीक्षक आहे. बालकल्याण समितीच्या आदेशाने आमच्याकडे येणाऱ्या अनेक मुलींवर घरातच अत्याचार झालेले असतात, आणि त्याविषयी त्या प्रथम बोलतात ते बहुधा समुपदेशकाशी नव्हे, तर रात्री उशाशी बसणाऱ्या ताईंशी. परिणामी काही ताईंची झोप उडाली आहे, एकीला स्वतःच्या मुलीला शेजारीही पाठवण्याची धास्ती वाटते, आणि सहा महिन्यांत तिघींनी काम सोडले. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलांची ओळख उघड करता येत नाही, ते योग्यच आहे. मात्र त्या धाकाने ताई घरी स्वतःच्या त्रासाबद्दलही बोलत नाहीत.

रात्रपाळ्या फिरत्या केल्या. साप्ताहिक बैठक सुरू केली, पण माझ्यासमोर कोणी मोकळे होत नाही (वरिष्ठांपुढे रडणार कोण?) आणि चर्चा नोंदवह्यांवरच संपते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला आहे. दोघींना त्याचा आधार वाटला, परंतु आम्हाला नियमित गटसत्रे हवी आहेत. मुली शाळेत असताना, दुपारी दोन ते चार एवढाच वेळ मिळतो. सत्रे मराठीत आणि संस्थेतच व्हावीत. माफक मानधन देता येईल.

आघातग्रस्त मुलांसोबत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची अशी सत्रे घेणारे बाहेरचे समुपदेशक पुण्यात कोणी अनुभवले आहेत का, आणि सत्रात मुलींची माहिती येऊ नये यासाठी तुम्ही नेमकी कोणती पद्धत ठेवता?