स्क्रीन थिजते, रिंग टाइमआउट येतो: डीबगचे कोणते पर्याय कधी लावायचे?

प्रश्न

लिनक्स, मेसा या ग्राफिक्स लायब्ररीतला एएमडी कार्डांचा रेडिऑनएसआय ड्रायव्हर. एक ठराविक त्रिमितीय दृश्य उघडलं की स्क्रीन थिजते. आवाज चालू राहतो, दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत जाता येतं. कर्नल लॉगमध्ये रिंग टाइमआउट (ग्राफिक्स चिपच्या, म्हणजे जीपीयूच्या, रांगेतलं काम वेळेत संपलं नाही) आणि पुढे ‘सिग्नल्ड’ व ‘एमिटेड’ असे दोन क्रमांक. ओपनजीएलचे (चित्र काढण्याच्या एपीआयचे) कॉल मात्र एकही चूक देत नाहीत. डीबगचे सात-आठ पर्याय एकदम लावले तर थिजणंच बंद होतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर १

आधी सगळे काढा आणि एकेक लावा. काही पर्याय प्रत्येक ड्रॉनंतर (चित्र काढण्याच्या आदेशानंतर) जीपीयूचं काम संपेपर्यंत थांबतात. वेळेचं गणित बदललं की रेस कंडिशन (कामांच्या वेळेवर आणि क्रमावर अवलंबून असलेला बग) लपते.

कॉल चूक देत नाहीत यात नवल नाही. ड्रायव्हर कमांड बफर भरून कर्नलकडे सोपवतो आणि मोकळा होतो. जीपीयू ते मागाहून चालवतो. त्यामुळे बॅकट्रेसमधली (त्या क्षणीच्या कॉलच्या साखळीतली) ओळ बहुतेकदा निर्दोष असते. सिग्नल्ड म्हणजे शेवटचं पुरं झालेलं काम, एमिटेड म्हणजे शेवटचं पाठवलेलं. अडकलेलं काम सिग्नल्डच्या लगेच पुढे शोधा.

पहिली चाचणी: ‘लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर’ हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल १ करा (टाइप करताना इंग्रजी कॅपिटल अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोर). मग मेसाचा सॉफ्टवेअर ड्रायव्हर एलएलव्हीएमपाइप सीपीयूवर चित्र काढतो. तिथेही चित्र बिघडलं तर प्रोग्राम किंवा मेसाचा सामाईक भाग तपासा. नीट आलं तर संशय हार्डवेअरच्या ड्रायव्हरवर जातो. संशयच, पुरावा नव्हे. सॉफ्टवेअर रेंडरिंग इतकं संथ असतं की वेळेवर अवलंबून असलेला बग तिथे दिसणारच नाही.

उत्तर २

त्यानंतर ‘एएमडी डीबग’ या व्हेरिएबलमध्ये आधी ‘नोडीसीसी’, मग वेगळ्या फेरीत ‘नोहायपरझेड’. पहिला रंगाच्या बफरचं कॉम्प्रेशन बंद करतो, दुसरा डेप्थ बफरच्या (खोलीची नोंद ठेवणाऱ्या बफरच्या) वेग वाढवणाऱ्या सोयी. एकाने थिजणं थांबलं तर शोध बराच आखडतो. पण तो पर्याय कायमचा ठेवून विषय मिटवू नका. वेग जातो आणि बग तसाच राहतो.

शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) छापून पाहायचे असतील तर ‘मेसा शेडर कॅशे डिसेबल’ ट्रू करा. कॅशेतून आलेला शेडर पुन्हा कंपाइल होत नाही, त्यामुळे छापणाऱ्या पर्यायाला हाती काहीच लागत नाही, आणि शेडर चालतच नाही असा गैरसमज होतो.

अडकलेला नेमका ड्रॉ हवा असेल तर ‘गॅलियम डीडीबग’ हा व्हेरिएबल. त्याला मिलिसेकंदांत मर्यादा द्या, उदाहरणार्थ १०००. तेवढ्यात काम संपलं नाही तर त्या ड्रॉची स्थिती होम फोल्डरमधल्या ‘डीडीबग डम्प्स’मध्ये लिहिली जाते. सोबत ‘फ्लश’ दिलं तर प्रत्येक ड्रॉनंतर फ्लश होतं, म्हणजे साठलेल्या कमांड लगेच पुढे पाठवल्या जातात. जागा अचूक कळते, पण वर सांगितलेला वेळेचा धोका इथेच सर्वांत जास्त.

प्रश्नकर्ता

आणि कर्नलचा ‘डीआरएम डीबग’ (ग्राफिक्स भागाच्या लॉगचा पर्याय)? ३० ही किंमत बऱ्याच ठिकाणी दिसते.

उत्तर ३

ती बेरीज आहे: ड्रायव्हर २, केएमएस (डिस्प्ले मोड लावणं) ४, प्राइम (बफर वाटून घेणं) ८, अ‍ॅटॉमिक (डिस्प्लेचे बदल एकत्र लावणं) १६. मोड बदलणं, मॉनिटर न सापडणं अशा गोष्टींना ती उपयोगी. रिंग टाइमआउटला फारशी नाही. व्हीब्लँकचे (दोन फ्रेममधल्या क्षणाचे) ३२ त्यात मिळवू नका. फ्रेममागून फ्रेम ओळी येतात आणि लॉगच्या बफरमधून कामाच्या ओळी पुसल्या जातात.

तुमच्यासाठी डेव्हकोअरडम्प (अडकलेल्या जीपीयूच्या स्थितीची कर्नलने ठेवलेली नोंद) महत्त्वाचा. जीपीयू रिसेट झाल्यानंतर ‘सिस/क्लास/डेव्हकोअरडम्प’खाली ‘डेटा’ नावाची फाइल आली तर एसएसएचवरून लगेच कॉपी करा. पाच मिनिटांनी कर्नल ती स्वतः काढून टाकतो, आणि तिच्यात काहीही लिहिलं तर तत्क्षणी जाते.

उत्तर १

एपीआयट्रेसने (ओपनजीएलचे कॉल नोंदवून पुन्हा चालवणाऱ्या साधनाने) एकदा रेकॉर्डिंगही करून ठेवा. रिप्लेमध्येही थिजलं तर ट्रेस कापत कापत लहान करा. बग रिपोर्टला जोडायला याहून चांगलं काही नाही. रिप्ले सुरळीत गेला तर थ्रेड्समधल्या वेळेकडे वळा, कारण ट्रेसमध्ये सगळ्या थ्रेडचे कॉल एका रांगेत येतात.