डेडलाइन ही मुदत नव्हे

खडूफळा:
परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप आला: 'निकालपत्रकांची डेडलाइन शुक्रवार. सोमवारपर्यंत दिली तरी चालतील.' मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवते, त्यामुळे हसावं की रडावं कळेना.

हा शब्द कुठून आला ते बघा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याने फेब्रुवारी १८६४मध्ये जॉर्जियात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ उभा केला. भोवती पाइनच्या ओंडक्यांची उंच भिंत, आत डोक्यावर छप्पर नाही. भिंतीच्या आत सुमारे १९ फुटांवर खांब रोवून त्यांवर लाकडाची साधी पट्टी ठोकलेली. तिला म्हणत 'डेड लाइन'. पट्टीला हात लागला तरी मचाणावरचा पहारेकरी गोळी घालू शकत असे. दहा हजारांसाठी आखलेल्या जागेत त्या ऑगस्टमध्ये तीस हजारांहून जास्त कैदी कोंबलेले होते. मधून एक ओढा वाहायचा, तोही घाण. वरच्या अंगाचं जरा बरं पाणी मिळावं म्हणून पट्टीखालून हात घालणारे मारले गेले. तळ चालू होता तेवढ्या काळात रोगाने आणि उपासमारीने जवळपास तेरा हजार माणसं मेली, ती वेगळीच. तळाचा प्रमुख हेन्री वर्झ याच्यावर खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी दिलं. खटल्याच्या कागदपत्रांत ही रेषा पुन्हा पुन्हा येते.

म्हणजे डेडलाइन वाढत नसते. वाढते ती मुदत, तिच्यासाठी आपल्याकडे 'मुदतवाढ' असा अख्खा शब्द आहे. मग सोमवारपर्यंत चालणाऱ्या गोष्टीला मुकाट्याने मुदत का म्हणू नये?

छापखानेवाला:
बाई, गोष्ट खरी, पण तुम्ही तिच्यावर फार वजन टाकताय. तुरुंगातली रेषा १८६४ची. वेळेची मर्यादा या अर्थाने शब्द रुळला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत. मधली पन्नास वर्षं काय झालं? हा शब्द जमिनीवरच्या रेषांनाच लावत होते. न्यूयॉर्कचा पोलीस अधिकारी टॉमस बर्न्स याने १८८०मध्ये फुल्टन रस्त्यावर अशीच 'डेड लाइन' आखली. नोंदीतला चोर तिच्या दक्षिणेला, म्हणजे वॉल स्ट्रीटच्या बाजूला दिसला की थेट अटक. गोळी नाही, फक्त कोठडी. म्हणजे मरण तेव्हाच पातळ व्हायला लागलं होतं.

आणि छापखान्यातही एक डेडलाइन होती. सिलिंडर यंत्राच्या पाट्यावर एक खूण असे, तिच्यापलीकडे अक्षरांचे खिळे गेले की तेवढा मजकूर उठतच नसे. वृत्तपत्रवाल्यांनी शब्द तुरुंगातून उचलला की शेजारच्या यंत्रावरून, याची कडी कोणी जोडून दाखवलेली नाही. माझं मत यंत्राच्या बाजूने. मी धंद्यातला, पक्षपाती आहे हे कबूल.

तालुक्याचा वार्ताहर होतो तेव्हा आमची डेडलाइन म्हणजे संध्याकाळची एसटी. बातमीचं पाकीट कंडक्टरच्या हातात पडलं तर उद्या छापून येणार, गाडी सुटली तर बातमी शिळी. कोणी मेलं नाही, पण गाडीही कधी थांबली नाही.

वकीलकाका:
मला हरकत आहे ती बाईंच्या शेवटच्या मुद्द्याला. 'वाढते ती मुदत' हे कोणी सांगितलं? आमच्या कोर्टात येऊन बघा.

१९६३चा मुदतीचा कायदा. हातउसने दिलेले पैसे परत मिळवायचे तर दाव्याला तीन वर्षं. तीन वर्षांवर एक दिवस झाला की दावा मुदतबाह्य. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे कोर्टाने तो दावा फेटाळायचाच. लोक म्हणतात, 'साहेब, विलंब माफीचा अर्ज टाका.' तो कलम ५चा. अपिलाला चालतो, अर्जाला चालतो, मूळ दाव्याला चालत नाही. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर उघडल्या दिवशी दाखल करता येतं. मुदत सरायच्या आत देणेकऱ्याने देणं लागतो असं सहीनिशी लिहून दिलं तर तीन वर्षं नव्याने मोजतात. बाकी दयामाया फारशी नाही.

भिडेखातर चार वर्षं गप्प बसलेली किती माणसं माझ्यासमोर कागद घेऊन बसली आहेत. त्यांना तुमची मुदत मऊ आहे म्हणून सांगा.

शुद्धमराठी:
मुळात मुदत तरी आपली कुठे? अरबी, फारसीच्या वाटेने आलेली. 'अंतिमरेषा' म्हणा.

छापखानेवाला:
@शुद्धमराठी, शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी पेशव्यांच्या दप्तरात मुदत, तारीख, हप्ता ठाण मांडून बसलेच. आणि अंतिमरेषा म्हटलं की मला धावण्याची शर्यत दिसते. ती ओलांडणाऱ्याला आपण पदक देतो.

काळीमाती:
मी शेतकरी, इंग्रजी बेताचं. पण रेषेचं म्हणाल तर आमच्याकडे बांध असतो. शेजारी दरवर्षी नांगरताना बांधाला खेटून एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्तीचं मारतो. दहा वर्षांनी बांध तिथेच दिसतो, फक्त त्याच्याकडे दीड गुंठा जास्त भरतो. मग भांडणं, मग मोजणी. तुमच्या हापिसातल्या डेडलाइनीही एकेक तासानेच सरकतात म्हणे. आमचं ते तास, तुमचा तो तास, फरक तेवढाच.

खडूफळा:
@काळीमाती, हे वर्गात सांगणार. परवानगी गृहीत धरते.

वकीलसाहेब, दाव्याचं मला ठाऊक नव्हतं, ते वाक्य मागे घेते. पण तुम्हीच 'नव्याने मोजतात' म्हणालात! अँडरसनव्हिलच्या पट्टीवर असं काही लिहून देता येत नव्हतं.

स्प्रिंटवाली:
सगळे 'वाढते की नाही' यावरच भांडताय. मला वाटतं फरक दुसरीकडे आहे आणि तो आपल्या रोजच्या बोलण्यातच दिसतो.

मुदत 'देतात', 'मिळते', 'संपते'. काम 'मुदतीत' होतं. बँकेत मुदत ठेव असते. म्हणजे मुदत हा काळाचा तुकडा आहे, त्याला लांबी आहे, तो माझ्या हातात दिलेला आहे. डेडलाइन 'येते', 'गाठायची असते', 'हुकते'. 'डेडलाइनीत काम केलं' असं कोणी म्हणत नाही, 'डेडलाइनच्या आत' म्हणतात. ती नुसती कड आहे, तिला लांबी नाही. वकीलकाकांची तीन वर्षं ही मुदत आणि त्यातला शेवटचा दिवस ही डेडलाइन. दोन्ही शब्द लागतात, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. म्हणून खडूफळाताई, तुमच्या ग्रुपवरचा निरोप भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे. कड सोमवारवर नेली, इतकंच.

आणि शब्दाचा जन्म कुठे झाला यावर आज तो कसा वापरायचा हे ठरत नाही. तडीपार केलेल्या माणसाला आपण नदीच्या तडीपलीकडे सोडून येत नाही, जिल्ह्याबाहेर काढतो.

खडूफळा:
'मुदतीत' आणि 'डेडलाइनच्या आत' हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पटलं, अर्धं तरी. जन्माचं मात्र पटत नाही. वापर बदलतो, मान्य. पण आठवीतल्या मुलाला 'प्रोजेक्टची डेडलाइन' म्हणताना त्या शब्दामागे ओढ्यापाशी पाण्यासाठी वाकलेली माणसं आहेत, हे निदान मास्तरणीला माहीत असावं. मी यापुढे वर्गात 'शेवटची तारीख' म्हणणार. ग्रुपवर काय म्हणायचं ते ग्रुप बघून घेईल.

छापखानेवाला:
तारीख अरबी आहे. शुद्धमराठी येतीलच आता.

वकीलकाका:
'शेवटची तारीख' मात्र आमच्या अशिलांसमोर म्हणू नका. ते खरं मानतात.

काळीमाती:
निकालपत्रकं झाली का पण?

खडूफळा:
चौदा राहिलीत. सोमवार आहे ना.