मदत हवी आहे: १० मीटर एअर पिस्तूल, सपाट ट्रिगर घ्यावा की वक्रच ठेवावा?

नऊ_वाजता:
पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) एअर पिस्तूल, उजवा हात. टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत दबणारा ट्रिगर, तो सुटायला लागणारं एकूण वजन ५१० ग्रॅम, त्यातलं ३५० च्या आसपास पहिल्या टप्प्यात. शू (ट्रिगरचा बोट टेकतं तो भाग) पिस्तुलासोबत आलेलाच आहे, बऱ्यापैकी वक्र. ६० शॉटमधले बहुतेक नऊ-दहात बसतात, पण सहा-सात शॉट डावीकडे आठात जातात, बरोबर नऊ वाजताच्या दिशेला. वर-खाली काही फरक नाही. बोटं जरा आखूड आहेत.

सपाट शू लावला की बोट सरळ मागे येतं आणि डावे शॉट थांबतात, असं बरेचजण सांगतात. बदलावा का? आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा आहे का हे स्पर्धेत तपासतात, त्यात सपाट शूमुळे अडचण येते का? जाणकारांनी कृपया सांगावं.

कोरडा_बार:
आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'सपाट' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. बाजूने पाहिल्यावर शू सरळ पट्टीसारखा दिसतो तो एक; आणि समोरून पाहिल्यावर ज्याचा पृष्ठभाग डावी-उजवीकडे गोलाई नसलेला, पाटासारखा असतो तो दुसरा. तुमचा प्रश्न पहिल्याबद्दल आहे, पण तुमची तक्रार आडव्या दिशेची आहे. बाजूच्या वक्रतेचा संबंध मुख्यतः बोट वर-खाली कुठे टेकतं याच्याशी येतो.

ट्रिगर म्हणजे तरफ. समजा तो ज्या पिनवर फिरतो तिथपासून शूच्या मध्यापर्यंत अंतर २० मिमी आहे आणि तिथे ५०० ग्रॅम लागतात. बोट ४ मिमी खाली सरकलं तर तेच काम ४१७ ग्रॅममध्ये होतं, ४ मिमी वर गेलं तर ६२५ लागतात. वक्र शूमध्ये बोट खळगीत आपोआप बसतं, म्हणून वजन रोज सारखं वाटतं. सपाट शू बोटाला जागा सांगत नाही. जागा तुम्ही निवडायची आणि दर उचलीला तीच शोधायची.

वक्राचीही खोड आहे. ग्रिपच्या उंचीमुळे बोट खळगीच्या वरून किंवा खालून येत असेल, तर वक्र त्याला ओढून मध्यात आणतो. बोट तिरकं राहतं आणि शूची कड पेराला टोचते. अशांना सपाट शू खरोखर मानवतो. जाड बोट आणि खोल वक्र ही जोडीही वाईटच.

खर्च करण्याआधी ही चाचणी करा. छर्रा नाही याची खात्री, नळी लक्ष्याकडे, ड्राय फायर मोड (छर्र्याविना नुसता ट्रिगर दाबायची सोय). शूवर पांढऱ्या कागदी टेपची पट्टी लावा, पेरावर स्टॅम्पपॅडची शाई. एक ड्राय फायर, पट्टी काढून वहीत चिकटवा, नवी लावा. अशा दहा. दर वेळी पिस्तूल टेबलावर ठेवून हात पूर्ण सोडायचा आणि पुन्हा उचलायचं. न सोडता दहा वेळा दाबलं तर पकड तीच राहते आणि चाचणी खोटी ठरते. मग उलट करा: शाई शूवर, आणि डाग बोटावर कुठे उठतो ते पाहा.

(हे वाचून कोणी स्प्रिंग-पिस्टनच्या बंदुकीवर छर्र्याविना बार काढू नका. पुढे हवेची उशी मिळत नाही आणि पिस्टन आदळतो.)

तरफ:
तपासणीचं सांगतो. नियमाप्रमाणे नळी उभी धरून वजन ट्रिगरच्या मध्याजवळ अडकवतात आणि आडव्या पृष्ठभागावरून उचलतात, जास्तीत जास्त तीन प्रयत्न. एअर पिस्तुलात गॅस सुरू असावा लागतो. वक्र शूमध्ये हुक खळगीत थांबतो. सपाट शूचं टोक जरासं उतरतं असेल तर हुक टोकाकडे घसरतो. वरचाच हिशोब लावा: मध्यात ५१० असलेला ट्रिगर ३ मिमी पुढे सुमारे ४४३ लाच सुटेल. पिस्तूल नियमात असूनही प्रयत्न वाया. सपाट शू लावायचाच तर नळी उभी धरल्यावर तो आडवा राहील असा फिरवून घट्ट करा, आणि वजन ५२० च्या आसपास ठेवा.

नऊ_वाजता:
चाचणी केली. पट्ट्यांवरचे ठसे उभ्या दिशेत जवळजवळ एकावर एक, फरक मिलीमीटरभर. पण बोटावरचा डाग पेराच्या मधोमध नाही, नखाच्या टोकाशी उठतो. दोनदा तर नखाची कडच टेकलेली दिसते.

कोरडा_बार:
मग वक्र शू त्याचं काम चोख करतोय, त्याला हात लावू नका. शू तुमच्या बोटासाठी फार पुढे आहे. नुसतं टोक पोचलं की शेवटच्या क्षणी उजव्या हाताचं बोट ट्रिगर मागे ओढण्याऐवजी डावीकडे ढकलतं. हे ढकलणं डोळ्याला दिसत नाही: साइट रेडियस (पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर) ३३० मिमी धरला तर पुढची साइट ०.६६ मिमी हलली की शॉट २० मिमी सरकला, म्हणजे आठ.

शू ज्या पट्टीवर पुढे-मागे सरकतो त्या रेलवर, शूच्या बाजूंना पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा. स्क्रू अर्धा फेरा सैल करून शू १ मिमी मागे घ्या, शाईची चाचणी परत करा, मग पुढचा मिमी. डाग टोक आणि पहिला सांधा यांच्या मधोमध आला की थांबा. जास्त मागे घेतला तर बोट सांध्यापर्यंत आत जातं आणि शॉट उजवीकडे ओढले जातात. बोटाचं मधलं कांडं ग्रिपच्या लाकडाला चिकटता कामा नये. घडी घातलेला कागद मधून सहज सरकला पाहिजे. चिकटत असेल तर तिथलं लाकूड घासावं लागेल, नाहीतर शू कुठेही ठेवा, दाब बाजूलाच जाणार.

तरफ:
एकच पिस्तूल तीन-चार वेगवेगळ्या हातांत जाणार असेल, तर मात्र मी सपाट निवडेन. प्रत्येकाला खळगी एकाच उंचीवर सोयीची पडत नाही.

शू सरकवल्यावर वजन परत मोजा, विशेषतः तो फिरवला किंवा तिरपा केला असेल तर. आणि शूचा स्क्रू म्हणून चुकून सियरचा (ट्रिगर दाबेपर्यंत बार अडवून धरणाऱ्या खटक्याचा) स्क्रू फिरवू नका. दोन्ही जवळजवळ असतात, पान्याचं मापही कधी सारखंच असतं. सियरची पकड कमी झाली तर पिस्तूल कॉक करतानाच सुटू शकतं. काम झाल्यावर ट्रिगरला बोट न लावता वीस वेळा कॉक करून पाहा, नळी अर्थातच लक्ष्याकडे.