पोटाच्या कॅन्सरचे पेशंट आणि रिसर्च, दोन्ही जमतं का?

इंटर्न_सोलापूर: आत्या आतड्याच्या कॅन्सरने गेली तेव्हापासून डोक्यात हेच आहे की पेशंटही बघायचे आणि लॅबमध्येही काम करायचं. रस्ता कसा असतो, डीएम (एमडीनंतरची सुपर-स्पेशालिटी डिग्री) आधी की पीएचडी?

नाशिककर: एमडी मेडिसिन ३ वर्षं, मग डीएम मेडिकल ऑन्कोलॉजी (औषधांनी कॅन्सरवर उपचार) ३ वर्षं, रिसर्च त्यातच सुरू कर. टाटा मेमोरियलचं खारघरचं कॅन्सर संशोधन केंद्र ॲक्ट्रेक बघून ये, हॉस्पिटल आणि लॅब एकाच आवारात.

सायली_के: हेन्री लिंच यांच्याबद्दल वाच गं. अमेरिकेतल्या ओमाहाचे डॉक्टर, पेशंटच्या घरच्यांना विचारत विचारत पिढ्यांचे तक्ते काढले, १९६६ला पेपर आला तरी असा कॅन्सर घराण्यात चालत येतो हे लोकांना वर्षानुवर्षं पटेना, यामागचा पहिला जीन सापडला १९९३ला, डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारा, तो बिघडला की धोका वाढतो! आणि डीएनए दुरुस्तीचा तोच बिघाड असलेल्या कॅन्सरवर आता इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारा उपचार) चालते, २०२२ला न्यूयॉर्कमध्ये डोस्टारलिमॅब या अशाच औषधावर गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या १२च्या १२ पेशंटची गाठ ऑपरेशन न करता दिसेनाशी झाली, वाचून मला रडूच आलं.

इंटर्न_सोलापूर: थँक्यू ताई. आजोबांनाही पोटाचंच काहीतरी होतं म्हणतात, बाबांना आजच विचारते.

सायली_के: विचारच, आणि बाबांची कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची तपासणी) कधी करायची तेही डॉक्टरांना विचार.