मदत हवी आहे: लग्नाच्या प्रवासात राबलेल्या काकूसाठी काय करू?

नमस्कार मंडळी. आत्येभावाच्या लग्नाला आम्ही पंधरा जण सतरा सीटरने पुण्याहून रत्नागिरीला गेलो. कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने. खरं तर मी ट्रेनने एकटीच जाणार होते, नातेवाइकांसोबत आठ-नऊ तास म्हणजे शिक्षाच वाटायची. 'लग्न कधी करतेस' हा प्रश्न साताऱ्याच्या आत तीनदा आला, तोही सहन केला.

पण घाटात माझ्या भाचीला उलट्या सुरू झाल्या. काकूने काही न बोलता पिशवीतून आवळा सुपारी काढली, स्वतःची खिडकीची जागा सोडली आणि चिपळूणपर्यंत पोरीचं डोकं मांडीवर धरून बसली. तिची नवी नारायण पेठ पार खराब झाली. वर पहाटे तीनला उठून तिनेच सगळ्यांसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती, हे मला नंतर कळलं. धाकटे काका मात्र गाडीत चढल्यापासून उतरेपर्यंत घोरत होते, त्यांचं सोडा.

आता अडचण अशी की काकूला 'थँक्यू' म्हटलं की ती म्हणते, "परकी झालीस का गं?" पाकीट दिलं तर रागावेल. साडी घेतली तर आईला आणि मोठ्या काकूलाही घ्यावी लागेल, नाहीतर मानपानाचं महाभारत! तुम्ही असं कुणासाठी काय केलंत? आणि नारायण पेठेवरचे ते डाग ड्रायक्लीनिंगने निघतील का? साडी गुपचूप पळवून आणली आहे.