ग्रॅनाइटचा ओटा आणि राखेच्या विटा

काही जण म्हणतात की स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा किरणोत्सर्गी, तो काढून आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, बसवा. अर्धंच पटतं. बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटच्या मानाने बरंच कमी असतं हे खरं, पण मराठवाड्यात सगळीकडे काळाच दगड नाही. आमच्या देगलूर-बिलोलीकडे जमिनीतच ग्रॅनाइट आहे. ओट्याची इंचभर फरशी ती काय! खरी काळजी रेडॉनची, म्हणजे युरेनियम-थोरियममधून तयार होणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची. घरातला बराचसा रेडॉन येतो जोत्याखालच्या मातीतून, फरशीच्या भेगांतून. भिंतींतून त्या मानाने थोडा.

परळीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेपासून केलेल्या विटांचं मात्र कुणीच बोलत नाही. कोळसा जळून जातो, त्यातलं रेडियम (ज्यातून रेडॉन निघतो) राखेत उरतं, म्हणून राखेत त्याचं प्रमाण कोळशापेक्षा वाढतं. पण वीजकेंद्राच्या भट्टीत राखेचे कण वितळून काचेसारखे होतात, त्यामुळे रेडॉनला बाहेर पडायला फारशी वाट राहत नाही. रेडॉनचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा वेळ) 3.8 दिवस, म्हणजे कोंदट खोलीत साठायला भरपूर वेळ. आमच्या जुन्या माळवदाला, म्हणजे मातीच्या धाब्याला, सवणं (धूर जायचं भोक) होतं, धुराबरोबर रेडॉनही निघून जायचा. नव्या घरात एसीपायी आईच्या खोलीच्या फटी पट्ट्या लावून बुजवल्या होत्या. त्या पट्ट्या मी काढल्या. आता पहाटे दोन्ही खिडक्या उघडतो आणि थंडीवरून तिची बोलणी खातो.