लंडनमध्ये बरोक संगीत प्रत्यक्ष कोठे ऐकावे?

प्रश्न
पुण्यात ख्यालगायन ऐकत वाढलो आणि नोकरीनिमित्त आता लंडनमध्ये राहतो. रेडिओवर पर्सेल आणि हॅन्डेल या बरोक काळातील, म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या शतकातील, संगीतकारांच्या रचना जुन्या वाद्यांवर वाजवलेल्या ऐकल्या, आणि त्यांची ओढ लागली. मात्र एका विशाल सभागृहात हॅन्डेल ऐकायला गेलो, तेव्हा हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखे पट्ट्यांचे जुने वाद्य समोर दिसत असूनही जवळजवळ ऐकूच आले नाही. हे संगीत नीट ऐकायचे असेल तर कोठे जावे, आणि जाण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

प्रतिसाद १
हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की तार छेडली जाते. बोट जोरात दाबले तरी आवाज फारसा वाढत नाही. व्हायोलिनला आतड्याच्या तारा असतात आणि सूर बहुधा ४१५ हर्ट्झला, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा सुमारे अर्धा स्वर खाली लावलेला असतो. ही वाद्ये दालनांसाठी घडलेली आहेत, त्यामुळे हजारोंच्या सभागृहात ती दबून जातात. माझ्या मते सुरुवात विगमोर हॉलपासून करावी. बेकश्टाइन या जर्मन पियानो कंपनीने १९०१ मध्ये उघडलेल्या या सभागृहात साडेपाचशेच्या आसपास आसने आहेत आणि मागच्या रांगेतही ल्यूट या हळुवार तंतुवाद्याचा प्रत्येक स्वर पोचतो. सोमवारी दुपारी एकची मैफल तुलनेने स्वस्त असते.

प्रतिसाद २
ख्याल ऐकणाऱ्या कानांना मी हॅन्डेलच्या ऑपेरांतील एकल गीते आधी सुचवीन. त्यांत पहिला भाग शेवटी पुन्हा येतो, आणि त्या वेळी गायकाने तो स्वतःच्या अलंकारांनी सजवून गावा अशी अपेक्षा असते. हार्पसिकॉर्डवादकापुढेही बहुतेक वेळा फक्त खर्जाची ओळ आणि कोणते स्वर जोडायचे हे सुचवणारे आकडे असतात. वरचे स्वर तो ऐनवेळी भरतो. गीताचा अर्थ आधी वाचून गेलात, तर परतलेल्या भागात गायकाने काय बदलले याकडे पूर्ण लक्ष देता येईल. लंडन हॅन्डेल महोत्सवाच्या अनेक मैफली हॅनोव्हर स्क्वेअरच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये होतात. हॅन्डेल स्वतः तेथे उपासनेला जात असे. ब्रुक स्ट्रीटवरचे त्याचे घर, जेथे तो १७२३ पासून १७५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला, तेथून जवळच आहे आणि ते आता संग्रहालय आहे.

प्रतिसाद ३
पहिल्या प्रतिसादातील मत वाद्यसंगीतापुरते मला पटते. बरोकच्या आधीचे, म्हणजे टॅलिस किंवा पॅलेस्ट्रिना या सोळाव्या शतकातील संगीतकारांचे, अनेक आवाजांचे गायन मात्र मला दगडी चर्चमध्येच ऐकावेसे वाटते, कारण तेथे एक आवाज विरण्याआधी दुसरा त्यात मिसळतो आणि शब्द थोडे पुसट झाले तरी स्वरांची वीण भरून येते. याला त्याच काळातील इंग्रज संगीतकार बर्ड याचे तीन लॅटिन मास (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेसाठीच्या गायनरचना) अपवाद म्हणावे लागतील. कॅथलिक उपासनेवर बंदी असलेल्या इंग्लंडमध्ये ते खाजगी घरांत गुप्तपणे गायले जात, त्यामुळे एकेका ओळीला एकच गायक असला तर ते अधिक खुलतात.

वेस्टमिन्स्टर ॲबीमधील सायंप्रार्थनेला आणि तेथून चालत जाण्याजोग्या अंतरावरील कॅथलिक वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमधील गायनयुक्त मासला तिकीट नसते, आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला तेथे बसता येते. ती उपासना असल्याने टाळ्या वाजवू नयेत. शाळांच्या सुट्ट्यांत मुलांचा गायकवृंद बहुधा नसतो, म्हणून त्या दिवशी कोण आणि काय गाणार आहे हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहूनच घरून निघावे.